बुडवून खाण्याची दह्याची हिरवी चटणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत चांगल्या दह्याला तोटा नाही आणि कोथिंबिरीलाही नाही. तरीही चक्क्यात ताजा पाला कालवून केलेली, भाकरीचा किंवा गाजराचा तुकडा बुडवून खाण्याची घट्ट चटणी घरी जमत नाही, अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. कुणाची चटणी पातळ होते, कुणाची तासाभरात काळवंडते, तर कुणाच्या चटणीत लसणाखेरीज दुसरे काही लागतच नाही. मी ही चटणी बरीच वर्षे घरी करत आले आहे आणि माझ्या अनुभवाने यातील बहुतेक दोषांचे मूळ पाण्यात असते. दह्यातले पाणी, काकडीतले पाणी आणि धुतलेल्या पाल्यावर राहिलेले पाणी सांभाळले, की बाकीचा सगळा आवडीनिवडीचा भाग उरतो. शेजारीपाजारी आणि नातेवाईक जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ही चटणी कोशिंबीर किंवा रायत्यापेक्षा वेगळी कशी?

कोशिंबिरीत भाजी मुख्य असते आणि दही तिला ओलावा देण्यापुरते येते. रायते पातळ असते, ते वाटीतून चमच्याने खाल्ले जाते. या चटणीत दही मुख्य असते, मात्र त्यातील पाणी काढलेले असते, त्यामुळे ती बुडवलेल्या तुकड्याला चिकटून वर येते आणि तोंडापर्यंत जाईस्तोवर गळत नाही. ही कल्पना आपल्याकडेच आहे असेही नाही. ग्रीसमध्ये टांगलेल्या दह्यात किसलेली काकडी, लसूण आणि ऑलिव्हचे तेल घालून त्झात्झिकी करतात. तुर्कस्तानात तिचाच पातळ प्रकार जाजिक नावाने ओळखला जातो. इराणात मास्त-ओ-खियार असते आणि त्या नावाचा सरळ अर्थ दही आणि काकडी असाच आहे. लेबनॉन-सीरियाकडचे लबने म्हणजे तर मीठ घातलेला आपला चक्काच. आपण चक्का फक्त श्रीखंडासाठी राखून ठेवला, याचे मला नेहमी वाईट वाटते.

सहा जणांसाठी किती साहित्य लागते?

पाव किलो चक्का, निवडलेली कोथिंबीर एक मोठी वाटी, पुदिन्याची पाने अर्धी वाटी, बारीक चिरलेला शेपू दोन चहाचे चमचे, लसणाची एक मध्यम पाकळी, अर्धी हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड, सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ आणि शेवटी वरून एक चमचा तेल. तेल ऑलिव्हचे घेतले तरी चालते, पण आपल्याकडील घाण्याच्या शेंगतेलाचा वास या चटणीला अधिक शोभतो, असे माझे मत आहे. चक्का पुरेसा आंबट नसेल तरच लिंबाचे चार थेंब घालावेत. साखर घालू नये. आंबटपणा झाकण्यासाठी साखर लागत असेल, तर दहीच जुने झाले आहे असे समजावे.

दूध कोणते घ्यावे आणि दही कसे लावावे?

म्हशीचे, साय न काढलेले. सोलापूर, कोल्हापूर आणि सांगली हा पंढरपुरी म्हशीचा मुलूख आहे. खांद्यापर्यंत मागे गेलेल्या तिच्या लांब तलवारीसारख्या शिंगांवरून ती लगेच ओळखू येते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि घनपदार्थ दोन्ही गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात, म्हणून एक लिटर दुधाच्या दह्यातून साधारण साडेचारशे ते पाचशे ग्रॅम चक्का हाती येतो. गाईच्या दुधाचा चक्का त्याहून कमी भरतो आणि मऊ राहतो. चव मात्र हलकी आणि छान असते.

दूध नुसते उतू जाईपर्यंत तापवून लगेच उतरवू नये. उकळी आल्यावर मंद आचेवर ढवळत आठ-दहा मिनिटे ठेवावे. या उष्णतेने एरवी निवळीबरोबर, म्हणजे दह्यातून गळणाऱ्या पाण्याबरोबर, वाहून जाणारी काही प्रथिने दुधातील केसीन या मुख्य प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे दह्याची जाळी घट्ट बसते आणि त्यात पाणी धरून राहते. नंतर दूध कोमट, म्हणजे चाळीस ते त्रेचाळीस अंशांपर्यंत येऊ द्यावे. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून पाहावी. ऊब जाणवली पाहिजे पण चटका बसता कामा नये. लिटरला एक चहाचा चमचा ताजे विरजण थोड्या दुधात मोडून घालावे आणि भांडे हलवू नये. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते, तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्रभर, कधी दहा-बारा तासही लागतात. अशा वेळी भांडे जाड कापडात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवण्याची आमच्या घरची पद्धत आहे. दही लागताक्षणी फ्रीजमध्ये ठेवावे, कारण अर्धा-एक तास जास्त राहिलेले दही या चटणीत लगेच आंबट लागते.

चक्का किती वेळ टांगावा?

घड्याळापेक्षा निवळीकडे पाहावे. दही आधी तीन-चार तास फ्रीजमध्ये गार करून मगच फडक्यात घालावे, कारण गार दही फडक्यात मोडत नाही. फडके पातळ सुती हवे. जुन्या धोतराचा स्वच्छ तुकडा सर्वांत उत्तम. ते साबणाशिवाय उकळत्या पाण्यातून काढून, पिळून घ्यावे. कपडे धुण्याच्या पावडरीचा वास चक्क्याला फार पटकन लागतो आणि एकदा लागला की कोथिंबिरीनेही तो झाकला जात नाही.

पुरचुंडी बांधून भांड्यावर टांगली की पहिली पंधरा-वीस मिनिटे निवळी धार धरून पडते. ती स्वच्छ, किंचित हिरवट पिवळी असावी. हा रंग रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो. पुढे धार तुटते आणि थेंब पडू लागतात. दोन थेंबांमधले अंतर मनात दहा मोजण्याइतके झाले, की या चटणीसाठी चक्का तयार आहे असे मी धरते. म्हशीच्या दह्याला याला साधारण चार तास लागतात. श्रीखंडासाठी लागतो तितका कोरडा चक्का येथे नको, कारण तो तोंडात पिठूळ लागतो आणि पाला त्यात नीट मिसळत नाही. घाईने फडके पिळू नये. पिळल्यावर पांढरे पाणी आले, तर निवळीबरोबर चक्काच बाहेर येतो आहे हे ओळखावे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना चक्का स्वयंपाकघरातील खुंटीला टांगू नये. त्या उष्णतेत दही आंबतच राहते. तेव्हा फडके चाळणीत पसरून, चाळणी खोल पातेल्यावर ठेवून, वर झाकण घालून सगळे फ्रीजमध्ये ठेवावे. वेळ दुप्पट लागतो, पण चव गोडसर राहते.

डेअरीतील तयार चक्का चालतो का?

चालतो. गुढीपाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आसपास तो ताजा मिळतो, कारण त्या दिवसांत खप मोठा असतो. घेताना थोडा चाखून पाहावा आणि त्यात साखर मिसळलेली नाही ना हे विचारून घ्यावे. तयार चक्का बहुधा जास्त कोरडा असतो, म्हणून पाव किलोला दोन-तीन चमचे ताजे दही घालून तो आधी हाताने मऊ करावा.

पाला कोणता घ्यावा? शेपू घालायलाच हवा का?

कोथिंबीर हा पाया आहे. मंडईत जवारी कोथिंबिरीची पेंडी मिळाली तर तीच घ्यावी. पाने लहान, देठ बारीक आणि वास असा की पिशवी उघडल्याबरोबर घरभर जातो. मोठ्या पानांची, लांब पांढऱ्या देठांची कोथिंबीर दिसायला भरघोस असते, पण चटणीत तिचा स्वाद लवकर हरवतो. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नयेत, त्यांत पानांहून अधिक स्वाद असतो. पुदिन्याचे मात्र उलट आहे. त्याची फक्त पानेच खुडावीत, कारण देठ कडवट आणि चोथट असतात.

शेपूविषयी घरोघरी दोन तट पडतात, हे मला ठाऊक आहे. भाजी म्हणून शेपू न खाणारी माणसेही या चटणीतील दोन चमचे शेपू आनंदाने खातात, हे मी अनेकदा पाहिले आहे, कारण दह्याच्या स्निग्धतेत त्याचा उग्रपणा निवतो आणि मागे फक्त गोडसर सुगंध राहतो. ग्रीसमध्येही त्झात्झिकीत शेपू किंवा पुदिना घालतात. या दोन वनस्पतींचे एक रासायनिक नातेही आहे. आपल्या नेहमीच्या पुदिन्याच्या वासातील प्रमुख घटक आणि बाळंतशेपा म्हणजे शेपूच्या बियांमधील प्रमुख घटक हे कार्व्होन या एकाच रेणूची, आरशातील प्रतिमांसारखी, दोन रूपे आहेत. रेणू तोच, पण नाकाला दोन वेगळे वास येतात. तरीही कुणाला शेपू नकोच असेल, तर तो वगळून पुदिना थोडा वाढवावा.

पाला धुवावा कसा आणि वाळवावा कसा?

बहुतेकांची चटणी येथेच बिघडते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीतील कोथिंबीर, विशेषतः पावसाळ्यात, मुळांशी चिखल घेऊनच येते. मुळांकडील भाग कापून टाकावा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यावे, त्यात पाला बुडवून हलवावा आणि दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. त्यानंतर पाला हातांनी वर उचलून घ्यावा. पातेले चाळणीवर ओतल्यास तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. पाणी बदलून हे तीनदा करावे. पावसाळ्यात मी पाचदाही करते.

मग पाला सुती पंचावर एकेरी पसरून पंख्याखाली किमान अर्धा तास ठेवावा आणि मध्ये एकदा उलटावा. उन्हात ठेवू नये. मूठभर पाला हातात घेऊन हलके दाबावा. तळव्याला ओल लागली तर आणखी थांबावे. पाव किलो चक्क्यात ओल्या पाल्याबरोबर दोन-तीन चमचे पाणी सहज जाते आणि चार तास टांगून मिळवलेला घट्टपणा दोन मिनिटांत निघून जातो.

मिक्सर वापरावा की हाताने करावे?

चक्का मिक्सरमध्ये घालू नये, एवढे एक पथ्य पाळावे. पात्याच्या वेगाने दह्याची घट्ट बसलेली जाळी तुटते, तिने धरून ठेवलेले पाणी सुटते आणि चटणी ताकासारखी होते. चटणी पातळ झाली असे सांगणाऱ्या दहातील सात-आठ जणांनी सगळे एकदम मिक्सरमध्ये फिरवलेले असते, असे मला चौकशीत आढळले आहे.

लसूण, मिरची, मीठ आणि पाल्याचा निम्मा भाग खलबत्त्यात किंवा पाट्यावर जाडसर वाटावा. पाणी घालू नये, मिठामुळे पाल्याचे स्वतःचे पाणी पुरेसे सुटते. उरलेला निम्मा पाला धारदार सुरीने अगदी बारीक चिरावा. वाटलेल्या पाल्याने रंग आणि स्वाद सगळीकडे पसरतो, चिरलेल्या पाल्याने खाताना ताजेपणा दाताखाली येतो. चक्का वेगळ्या भांड्यात चमच्याने मऊ करून त्यात हे दोन्ही अलगद कालवावे. मिक्सरशिवाय वाटणे शक्य नसेल, तर लहान भांड्यात फक्त पाला थांबत-थांबत फिरवावा. सलग फिरवल्याने पाला गरम होतो आणि पुदिना कडवट होतो.

चटणी काही तासांत काळपट हिरवी का होते?

दह्यातील आम्लामुळे. पानांतील हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असते. आम्लात ते निघून जाते आणि चमकदार हिरवा रंग शेवाळी होतो. चटणी त्याने खराब होत नाही, फक्त दिसायला फिकी पडते. यावर साधा उपाय म्हणजे खाण्याच्या अर्धा तास आधी कालवणे. चटणी जास्त वेळ ठेवायची असल्यास पुदिना उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा आणि पूर्ण कोरडा करून वापरावा. त्यामुळे पाने काळी करणारी वितंचके (एन्झाइम्स) निष्क्रिय होतात आणि रंग जास्त टिकतो. कोथिंबिरीला मात्र हा उपाय करू नये. तिचा कच्चा वास हेच तिचे सर्वस्व आहे आणि तो उकळत्या पाण्यात जातो.

एकच पाकळी घालूनही लसूण उग्र का लागतो?

अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की तिच्यातील वेगवेगळ्या पेशींत असलेले दोन घटक एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होते, तोच तिखटपणा. पाकळी जितकी बारीक ठेचावी तितका तो वाढतो, आणि चटणी रात्रभर ठेवली तर सकाळी सगळीकडे लसूणच पसरलेला असतो. यासाठी पाकळी लिंबाच्या रसातच ठेचावी. आम्लामुळे ही क्रिया मंदावते. पाकळीच्या पोटात हिरवा कोंब असेल तर तो काढून टाकावा. नैवेद्याच्या दिवशी लसूण वगळून आल्याचा छोटा तुकडा किसून घालावा. चटणीची लज्जत वेगळी होते, पण उणी होत नाही.

काकडी घालायची असल्यास काय काळजी घ्यावी?

आधी दोन्ही टोके कापून चाखावी. काकडी स्पष्ट कडू लागली तर ती सरळ टाकून द्यावी. तो कडूपणा क्युकरबिटासिन या द्रव्यांचा असतो आणि तो जास्त प्रमाणात पोटात गेल्यास त्रास होतो. चांगली काकडी बिया काढून किसावी, तिला मीठ लावून वीस मिनिटे ठेवावी आणि मग फडक्यात घट्ट पिळावी. एका मध्यम काकडीतून अर्धी वाटी पाणी सहज निघते. हे मीठ लक्षात ठेवून चटणीतील मीठ कमी करावे.

एवढे करूनही पाणी सुटले तर?

वर जमलेले पाणी चमच्याने काढून टाकावे आणि हाताशी असल्यास थोडा कोरडा चक्का मिसळावा. चक्का नसेल तर भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट किंवा डाळ्याचे पीठ दोन चमचे घालून दहा मिनिटे थांबावे. दोन्ही पाणी चांगले शोषतात. कूट घातलेल्या चटणीची चव आपल्या भागातील माणसांना तर अधिकच जवळची वाटते. कॉर्नफ्लोअर किंवा बेसन कच्चे घालू नये. फारच पातळ झाली असेल, तर गार पाणी आणि जिरेपूड घालून तिचा मठ्ठा करावा.

चटणी किती दिवस टिकते आणि बाहेर नेता येते का?

झाकणाच्या कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस उत्तम राहते, तिसऱ्या दिवशी स्वाद उतरतो. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात तासाभराच्या आत संपवावी. फ्रीझरमध्ये गोठवू नये, कारण वितळल्यावर दही फुटते.

बाहेर नेताना मी एकदा मोठी चूक केली होती. हुरड्यासाठी तासगावजवळच्या एका शेतावर जायचे होते आणि वेळ वाचावा म्हणून मी सकाळी सातलाच सगळे कालवून, मीठ घालून डबा भरला. गाडीत बसलेले हेलकावे आणि मिठाने सुटलेले पाणी यांमुळे दुपारी डबा उघडला तेव्हा वर बोटभर हिरवे पाणी आणि खाली गोळे होते. आगटीतला गरम हुरडा समोर होता, माणसे हात पुढे करून बसली होती आणि त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते. तेव्हापासून मी चक्का एका डब्यात, वाटलेला पाला दुसऱ्या डब्यात आणि मीठ कागदाच्या पुडीत नेते. शेतावर बसून कालवायला दोन मिनिटे लागतात.

कशाबरोबर खावी?

शाळूची कडक भाकरी मला सर्वांत आवडते. पातळ थापलेली, तव्यावर खरपूस वाळवलेली भाकरी मोडून तिचा तुकडा बुडवावा. गाजर, मुळा आणि काकडीचे लांब तुकडे, भाजलेले रताळे, कोथिंबीर वडी, थालीपीठ, हुरडा यांबरोबरही ती छान लागते. अगदी गरम भज्यांवर ओतू नये, वाटीत बाजूला द्यावी. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे फ्रीजबाहेर काढावी, कारण फार गार चटणीचा वास उमलत नाही.

उरलेल्या निवळीचे काय करावे?

ती ओतून देऊ नये. तिच्यात दुधातील साखर, कॅल्शियम आणि काही प्रथिने असतात. थालीपिठाची भाजणी निवळीत मळल्यास थालीपीठ खुसखुशीत होते आणि त्याला छान आंबूस चव येते. कढीत पाण्याऐवजी ती घालता येते. झाकून फ्रीजमध्ये ठेवलेली निवळी दोन-तीन दिवस चांगली राहते. आमच्याकडे मात्र ती बहुधा त्याच संध्याकाळी, चिमूटभर मीठ आणि हिंग घालून, चटणी कालवणाऱ्याच्या वाट्याला येते.